मालक आला की उठायचं

काका खुर्चीत कधी पूर्ण बसले नाहीत. खुर्ची कितीही ऐसपैस असो, ते तिच्या पुढच्या काठावर टेकत, पाय दाराकडे, एक हात गुडघ्यावर. जणू कोणीतरी येऊन "उठा" म्हणणार आहे आणि त्या माणसावर ते दुसऱ्यांदा म्हणायची पाळी येऊ द्यायची नाही. बसचं तर विचारूच नका. सुरतेत उधन्याहून भेस्तानला येताना अर्धी बस रिकामी असताना मी त्यांना दांडा धरून उभं राहिलेलं पाहिलं आहे. मी म्हटलं, "काका, बसा की. कोणाची आहे ही जागा?"

"तेच माहीत नाही ना," ते म्हणाले.

मी बरोबर उलटा माणूस. अमळनेरकडून सुरतेला आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. गोडादऱ्यात दुसऱ्याच्या लूमवर कापड विणलं, मग दुसऱ्याचा टेम्पो चालवला, मग स्वतःचा घेतला, मग आणखी घेतले. जिथे टेकलो ती जागा आपली करून घेतली. या गावात कोणी उठून जागा देत नाही, मागावी लागते, आणि मागूनही मिळत नाही तेव्हा ओरडावं लागतं. मिठाची पुडीसुद्धा मी भाव केल्याशिवाय घेत नाही. माझ्यासारख्या माणसाची गाठ या काठावर बसणाऱ्या माणसाशी पडावी आणि माझा सगळा धंदा त्यांच्या हातात असावा, हे कोणत्या जन्मीचं होतं कोण जाणे.

काकांवर माझा राग आहे. ते सुरत सोडून मुलीकडे साताऱ्याला निघून गेले त्याला बरीच वर्षं झाली, तरी आहे. लोक म्हणतात, जाऊ दे आता. मी जाऊ देणारा असतो तर आज लूमवरच असतो.

त्या वेळी मोबाइल नव्हते. पेजर नुकते येत होते, पण पेजरवरून ड्रायव्हरला उलटून काही सांगता येत नसे. त्याला बूथ शोधत फिरावं लागे. आमचं काम असं, की लूमवर तयार झालेलं कोरं कापड, ज्याला सुरतेत ग्रे म्हणतात, ते गोडादरा-लिंबायतकडून उचलायचं आणि सचिनच्या रंगाई मिलमध्ये पोचवायचं. कोणत्या कारखान्यात माल बांधून तयार आहे हे ज्याला आधी कळलं त्याचा दिवस. ज्याला नंतर कळलं त्याने चहा प्यायचा.

सचिनच्या एका मोठ्या मिलकडे वायरलेसचा परवाना होता. तिचा माल वाहणाऱ्या आम्हा टेम्पोवाल्यांच्या गाड्यांत मिलने आपले सेट बसवून दिले. परवाना मिलचा, सेट मिलचे, चॅनल मिलचं. मिलला रोज काही फार बोलायचं नसे, म्हणून उरलेल्या वेळात आम्ही बोलायचं. अट एकच, मिलने तोंड उघडलं की आम्ही त्या क्षणी गप्प. हे सगळं सांभाळायला मिलने काकांना ठेवलं होतं. भेस्तानला तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत एक पत्र्याची खोली, तिच्यावर उंच लोखंडी पाइप, पाइपवर एरियल, आणि आत टेबलावर मोठा सेट. त्या सेटसमोर काका, खुर्चीच्या काठावर.

ते आधी कुठे होते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे फौजेत, कोणी म्हणे पोलिसांच्या वायरलेसला. मी एकदा सरळ विचारलं. ते खिडकीकडे गेले, खाली गल्लीत बघितलं, खिडकी लावली, परत येऊन टेकले आणि म्हणाले, "होतो कुठेतरी."

एवढ्यासाठी खिडकी लावली!

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना गच्चीत बसवून धडा दिला. "आधी कान, मग तोंड. बटण दाबायच्या आधी ऐकायचं. हवा रिकामी आहे का बघायचं. कोणी बोलत असेल तर थांबायचं. कोणी बोलत नसेल तर मिल बोलेल का याची वाट बघायची. मग बोलायचं, आणि थोडक्यात. जागा रिकामी दिसली म्हणून ती आपली होत नाही. मालक आला की उठायचं."

मी म्हटलं, "काका, एवढी वाट बघितली तर दुसरा माल उचलून जाईल."

"जाईल," ते म्हणाले. बस, एवढंच. समजूत नाही, दिलासा नाही.

ही सवय त्यांच्या हाडांत मुरली होती. कोणी हाक मारली की लगेच ओ देत नसत. मान किंचित कलती करून दोनेक श्वास ऐकत बसत आणि मग बोलत. काकू म्हणायच्या, "यांना जेवायला वाढू का विचारलं तरी आधी हवा रिकामी आहे का ते बघतात. माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, लोक पंगतीला गेले, तरी हे हातात अक्षता घेऊन उभे. म्हणे, अजून कोणी म्हणणार असेल तर!"

राहायचे ते त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतीला एक खिळा नव्हता. कॅलेंडर जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. तारीख बघायला उकिडवं बसावं लागे. घरमालक भला सुरती माणूस होता. माझ्यासमोरच एकदा म्हणाला, "अरे काका, एक खीली मारो ने! घर जेवुं लागे." म्हणजे एक खिळा मारा, घरासारखं वाटेल.

"भिंत तुमची आहे," काका म्हणाले.

"पण हूं ज कहूं छूं ने, मारो!"

"आज म्हणताय."

घरमालकाने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. मलाही हसू आलं. पण नंतर टेम्पोत बसल्यावर ते 'आज म्हणताय' डोक्यातून जाईना. माझ्या घराची जमीन अजून माझ्या नावावर चढायची होती. त्या दिवशी विनाकारण दोघा ड्रायव्हरांवर ओरडलो.

त्यांच्या भीतीला दुसरी बाजू होती, कोणीतरी ऐकतं आहे ही. हवेत बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, तेव्हा नाव घ्यायचं नाही, गाव घ्यायचं नाही, मालाचा प्रकार बोलायचा नाही. प्रत्येक टेम्पोवाल्याला त्यांनी भाजीचं नाव दिलं. एक वांगं, एक मेथी, एक गवार. माझा धाकटा भाऊ माझाच एक टेम्पो चालवायचा, तो कारलं. मला दुधी केलं. मी भांडलो. दुधी म्हणजे काय, काही चव ना ढव! मला वाल तरी द्या, सुरण द्या.

"तुझ्या स्वभावाला दुधीच बरा. आठवण राहील," ते म्हणाले.

जागांची नावं स्वयंपाकघरातली. सचिन म्हणजे पोळपाट, भेस्तान म्हणजे लाटणं, गोडादरा म्हणजे परात. इथवर ठीक होतं. पण ही नावं ते दर सोमवारी बदलत. या सोमवारी पोळपाट म्हणजे सचिन, तर पुढच्या सोमवारी पोळपाट म्हणजे लिंबायत. गवार एकदा भरलेला टेम्पो घेऊन अर्धा दिवस भेस्तानच्या नाक्यावर उभा होता, कारण त्याच्या डोक्यात मागच्या आठवड्याचंच लाटणं होतं. मी वर जाऊन तोंड सोडलं.

"काका, आपल्याच माणसाला कळेना, तर उपयोग काय याचा?"

"चोरालाही असाच त्रास होतो," ते शांतपणे म्हणाले.

सगळ्यांत मोठं भांडण निरोपांवरून झालं. गोडादऱ्यातून गाडीतल्या सेटचा आवाज भेस्तानपर्यंत पोचत नसे. मधे उंच इमारती, कारखाने. म्हणून काकांनी साखळी लावली होती. गोडादऱ्यातल्या गाडीने लिंबायतच्या गाडीला सांगायचं, तिने उधन्याजवळच्या गाडीला, तिने काकांना. ज्या वेळी जी गाडी जिथे असेल तसा रस्ता बदलायचा, आणि तो ते मनातल्या मनात धरून असत. "मेथी, दुधीचं घे आणि वांग्याला दे" असं चालायचं. आता मेथी आणि वांगं कोण? माझ्याच मालावर डोळा ठेवून असलेले लोक. मी म्हटलं, माझा निरोप मी माझ्या वैऱ्याच्या तोंडात का घालू? आणि त्याचा मी फुकट का वाहू?

"मग तुझा कोण वाहील?"

"माझं मी बघेन."

"बघ," ते म्हणाले, आणि त्या दिवशी मला साखळीतून काढलं. तीन गाड्या असून मी मुका झालो. संध्याकाळी गेलो आणि म्हटलं, घ्या परत. त्यांनी लगेच घेतलं. टोमणा नाही, उपदेश नाही. मला त्याचाच जास्त राग आला. माणसाने जिंकल्यावर थोडं तरी हसावं.

त्या वेळी त्यांनी एक नियम पुन्हा सांगितला. "निरोप चालू असताना मिल आली आणि चॅनल गप झालं, तर ज्याचा निरोप अर्धा राहिला त्याने गाडी आहे तिथे बाजूला घ्यायची. अंदाजाने पुढे जायचं नाही. अर्धा निरोप म्हणजे निरोप नाही." धाकटा कोपऱ्यात शेंगा सोलत बसला होता. मी घरी जाताना त्याला म्हणालो, "हे असलं काही ऐकू नको. सुरतेत थांबला तो गेला." त्याने मान डोलावली. काकांपुढेही तशीच डोलावली होती.

मग तो खोटा मालक आला.

मिलच्या वतीने बोलायचा तो गेटवरचा दरवान. काठियावाडी, मोठ्या मिशांचा, घोगऱ्या आवाजाचा. "मिल बोले छे, चॅनल खाली करो", म्हणजे चॅनल मोकळं करा, एवढं तो म्हणाला की आम्ही सगळे चिडीचूप. एका पावसाळ्यानंतर हे फार वाढलं. ऐन दुपारी, कारखान्यांतून माल निघायच्या वेळी, रोज "खाली करो". आम्ही गप्प बसायचो, आणि पुन्हा बोलायला लागेपर्यंत माल उचललेला असायचा. एकदा चहाच्या टपरीवर दरवान भेटला. मी म्हटलं, "काय हो बापू, दुपारी एवढं काय बोलत असता?"

"हूं?" तो म्हणाला. "बपोरे तो हूं जमवा जाऊं छूं."

माझ्या हातातला चहा सांडला. दुपारी हा माणूस जेवायला जातो, मग बोलतो कोण? कोणीतरी त्याचा आवाज काढत होता. मालकाचा आवाज ऐकला की ही माणसं जागा सोडून उठतात, हे त्याला कळलं होतं. उठलेल्या जागेवर तो स्वतः बसत होता. माझा संशय उधन्याकडच्या एका लाल टेम्पोवाल्यावर होता. चोरट्या मार्गाने त्याने सेट मिळवला आहे असं सगळे म्हणत. सिद्ध काही झालं नाही.

मी वर गेलो ते पेटूनच. "आता मिल म्हणाली तरी उठायचं नाही! तुमच्या शिस्तीने आम्हाला बुडवलं. चोर सभ्य माणसांच्याच घरात शिरतो."

काकांचा चेहरा उतरला. पाणी प्यायले. बोलले ते इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. "दहा वेळा खोटा निघाला म्हणून अकराव्यांदा मालकाच्या तोंडावर दार लावायचं?"

"मग ओळख ठरवा काहीतरी!"

ती त्यांनी ठरवली. रोज सकाळी ते स्वतः सचिनला जाऊन दरवानाच्या कानात एक शब्द सांगत. मिलने "खाली करो" म्हटलं की काका विचारत, "आज जेवायला काय?" उत्तरात तो शब्द आला तर मालक खरा. पहिल्या दिवशी खोट्याला "जेवायला काय" विचारल्यावर तो जो अडखळला, त्यावर आम्ही आठवडाभर हसलो. पण तो हुशार होता. सकाळी खऱ्या दरवानाने "कढी" म्हटलेलं त्याने ऐकून ठेवलं आणि दुपारी स्वतः "कढी" म्हणाला. त्या दिवशी काकांनी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवसापासून एकदा वापरलेला शब्द मेला. दरवानाला रोज चार शब्द ओळीने पाठ करावे लागत. तो बिचारा मला म्हणाला, "भाऊ, हूं निशाळथी भागेलो माणस छूं. आ डोसो मने फरी भणावे छे!" शाळेतून पळालेल्या माणसाला म्हातारा पुन्हा शाळेत बसवत होता.

आम्हाला मात्र नवा जोर चढला. कोणी "खाली करो" म्हटलं की सगळ्या गाड्यांतून एकच गलका: "जेवायला काय रे? बोल, जेवायला काय?" मालकाला विचारायची सवय लागली होती, आणि सवयीबरोबर थोडी मस्तीही. काका घाबरून म्हणत, "मी विचारेन. तुम्ही नका विचारू." कोण ऐकतो?

आता त्या दिवसाचं सांगतो.

मी माल उचलायच्या पाळीवरून भांडायला वर गेलो होतो. काका ऐकत होते, म्हणजे मान कलती करून बसले होते. तेवढ्यात वांग्याने खबर दिली, की लाल टेम्पो सचिनच्या रस्त्याला लागला आहे. माझा धाकटा भरलेली गाडी घेऊन त्याच रस्त्यावर होता. मिलच्या गेटवर जो आधी पोचेल त्याचा माल आधी उतरणार. मी काकांच्या हातातून माइक घेतला.

"कारलं, कारलं, दुधी बोलतोय. लाल तुझ्या पुढे आहे. मधे कुठे थांबू नको, सरळ..."

मधेच एक चिरका आवाज शिरला. "चॅनल खाली करो! मिल बोले छे! खाली करो!"

तो दरवानाचा आवाज नव्हता. गेटवरच्या सेटचाही नव्हता. हातात धरायच्या छोट्या सेटचा होता, पुसट, तुटक. मिलजवळच्या दोन-तीन गाड्यांना तो ऐकू गेला असणार, कारण लगेच गलका झाला. "जेवायला काय रे?" "नवा आवाज काढलास काय?" "बोल, बोल, शब्द बोल!"

"शुं शब्द? कयो शब्द?" तो आवाज जवळजवळ रडत होता. "अरे खाली करो ने!"

गाड्यांतून हसणं आलं. मीही हसलो. "खोटा आहे," म्हणत पुन्हा बटण दाबणार, तोच काकांनी माझ्या हातातून माइक हिसकला. हिसकला म्हणतो, कारण त्या माणसाने कोणाच्या हातातून काही घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सगळे गप्प," ते माइकमध्ये म्हणाले. "चॅनल सोडा. लगेच." आणि बटण सोडून दिलं.

"काका, त्याला शब्द आला नाही!"

"शब्द आहे हेच त्याला माहीत नाही," ते म्हणाले. "चोराला सगळं माहीत असतं. तो काहीतरी शब्द फेकून बघतो. हा विचारतोय, कोणता शब्द."

गाड्या एकेक करून गप्प झाल्या. रिकाम्या हवेत तो पुसट आवाज आता नीट ऐकू येऊ लागला. काही त्यातून कळलं, काही मागाहून. मिलच्या गोदामात हायड्रोचे डबे होते. रंगाईत वापरतात ती पांढरी पावडर. पाणी लागलं की तापते, धुमसते, आणि छातीत जाळ उठवणारा धूर सोडते. पाण्याची नळी फुटून डबे भिजले होते. गेटची केबिन धुराने भरली होती, दरवान बाहेर पळाला होता, आणि स्टोअरमधला कोणी कारकून हातातला सेट घेऊन भिंतीबाहेर उभा होता. गोदामात दोन माणसं अडकली होती. त्यांच्यातल्या एकाकडे दुसरा छोटा सेट होता. कारकून त्यांना सांगत होता, डाबी बाजू, डाबी बाजू, भिंतीला हात लावून चाला. मधूनच खोकल्यासारखा आवाज येई, म्हणजे आतला माणूस उत्तर देत होता.

मग कारकून कोणाला तरी ओरडून म्हणाला, की धूर रस्त्यावर चालला आहे.

धाकट्याच्या गाडीचं एरियल महिन्यापासून वाकलेलं होतं. काकांचा मोठा सेट त्याला ऐकू येई, हा पुसट आवाज येणं शक्य नव्हतं. आणि त्याच्या कानात माझे शेवटचे शब्द होते, थांबू नको, सरळ.

"काका, माइक द्या."

"नाही."

"एकच वाक्य. 'कारलं, थांब.' संपलं."

"आपला सेट मोठा आहे. आपण बोललो की तो दाबला जाईल. आतल्याला डावीकडे ऐकू आलं नाही तर?"

"माझा भाऊ बाहेर आहे!"

"त्यांची माणसं आत आहेत."

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शिव्या दिल्या. तुम्ही नोकर मिलचे, मिलचंच बघणार, म्हणालो. तुमचं कोणी रस्त्यावर नाही म्हणून मालकाची भक्ती सुचते, म्हणालो. ते टेबलाला पाठ लावून उभे होते, माइक मागे धरून. सहा फुटांचा मी आणि चिमणीएवढे ते. एका हाताने त्यांना बाजूला करता आलं असतं. सेटमधून आतल्या माणसाचा खोकला ऐकू आला. माझा हात उठला आणि तिथेच राहिला. का राहिला ते त्यालाच माहीत.

"तो थांबेल," काका म्हणाले. "अर्धा निरोप आहे. थांबेल."

"तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही!"

मी जिना उतरलो तो दोन-दोन पायऱ्या गाळत. माझी स्कूटर सचिनच्या रस्त्याला घातली. मी त्याला लहानाचा मोठा केला होता. तो आठवीत असताना गावाहून आणला, गाडीवर बसवला, आणि रोज एकच शिकवलं: थांबला तो गेला. आज तो तेच करत असणार. समोरून माणसं येत होती, तोंडाला रुमाल, पदर, कोणी नुसता हात लावलेला. काड्यापेटीतल्या सगळ्या काड्या एकदम ओढल्यासारखा वास आला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एका सायकलवाल्याला विचारलं, "निळा टेम्पो बघितला का? पुढे गेला का?" तो नुसता हात हलवत गेला. रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक गाडीकडे बघताना वाटत होतं, ही नसू दे, आणि पुढच्या क्षणी, हीच असू दे.

मिलच्या वळणाच्या बरंच अलीकडे, एका बाभळीखाली निळा टेम्पो उभा होता. धाकटा पायरीवर बसून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. रडत नव्हता, तिथपर्यंत वाऱ्याबरोबर थोडा धूर येत होता, एवढंच.

मी स्कूटर तशीच टाकली. आम्ही आपसांत अहिराणीत बोलतो. "काब्रं थांबना तू?" का थांबलास, मी ओरडलो. जिवंत माणसाला कोणी असा प्रश्न विचारतं का? मी विचारला.

"चॅनल गप व्हयनं," तो म्हणाला. "म्हनीसन थांबनू."

"मना आवाज वना व्हता ना तुले? थांबू नको, म्हनेल व्हतं ना मी?"

"वना व्हता." आला होता.

"मंग?"

त्याने खाली बघितलं. "अर्धाच वना. काकानी सांगेल शे, अर्धा निरोप म्हंजे निरोप नही."

मी त्याच्या कानाखाली मारली. मग त्याला धरून ठेवलं. दोन्ही एकाच रागात.

टेम्पोतला सेट खरखरला. काकांचा आवाज आला. "आतली दोघं बाहेर आली. चॅनल मोकळं आहे." मग थोडं थांबून, "ज्याचं माणूस रस्त्यावर आहे त्याने आधी बोलावं."

कोणी बोललं नाही. वांगं नाही, मेथी नाही, गवार नाही. सगळ्यांना ठाऊक होतं रस्त्यावर कोणाचं माणूस आहे. एवढ्या वर्षांत सुरतेने मला न मागता दिलेली ती पहिली जागा. मी माइक उचलला आणि बटण दाबलं. धाकट्यानेच वाकून सांगितलं, "काका, आम्ही ठीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. आभार मानायला नव्हे. ते मानायला मी कुठेच जात नाही. मला हिशेब पुरा करायचा होता. रात्रभर विचार करून मी माझी बाजू नेमकी बांधली होती. त्या दोघांचा जीव जीव होता, कबूल. मिलचा हक्क पहिला, तोही कबूल. भाऊ वाचला, हेही मान्य. पण तो माझा भाऊ होता. त्याचा जीव दुसऱ्याच्या जिवासमोर ठेवायचा तर ते ठरवायला मी तिथेच, दोन हातांवर उभा होतो.

काका काठावर बसले होते. डोळे सुजलेले, तेही झोपले नसावेत. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "एक गोष्ट सांगा. मला विचारलं का नाहीत? माझ्या भावाचा प्रश्न होता. निदान विचारायचं तरी होतं मला."

त्यांनी मान कलती केली. खिडकीबाहेर कुठेतरी लूम खडखडत होते. ते नेहमीप्रमाणे थांबले, ऐकलं, आणि मग म्हणाले, "विचारलं असतं तर तू भाव केला असतास. तेवढा वेळ नव्हता."